चिनी अक्षरं, जपानी गोष्टी: यासुमारोचं चार महिन्यांचं काम

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे 'हा डेटा साठवायचा कसा?' हा प्रश्न माझ्या रोजचाच. आज बोलूया 1300 वर्षांपूर्वी जपानच्या दरबारात हाच प्रश्न सोडवणाऱ्या माणसाबद्दल. त्याचं नाव ओ नो यासुमारो.

झालं असं, की घराण्याघराण्यांकडच्या वंशावळी आणि जुन्या कथांमध्ये चुका शिरल्यात, असं सम्राट तेम्मुला वाटलं. त्याने हिएदा नो आरे या 28 वर्षांच्या दरबारी व्यक्तीकडून त्या पाठ करून घेतल्या. पण 686 मध्ये सम्राट वारला, काम अर्धवट राहिलं. 711 मध्ये सम्राज्ञी गेम्मेईने यासुमारोला ते लिहून काढायला सांगितलं. तोवर आरेची पन्नाशी उलटली होती. ही हकीकत यासुमारोनेच प्रस्तावनेत दिली आहे.

आता खरी अडचण बघा. भाषा जपानी, पण हाताशी लिपी फक्त चिनी. चिनी अक्षर अर्थासाठी वापरलं, तर मूळ बोलण्यातला भाव निसटतो. नुसत्या उच्चारासाठी वापरलं, तर मजकूर भलताच लांबतो. यासुमारोने दोन्हींची सरमिसळ केली. एका ठिकाणी, जेलीफिशसारख्या तरंगणाऱ्या कोवळ्या भूमीचं वर्णन करताना, त्याने चक्क टीप टाकली, की ही दहा अक्षरं उच्चाराने वाचा. आम्ही कोडमध्ये कॉमेंट टाकतो ना, अगदी तसंच! आणि 'कुसाका'सारख्या रूढ नावांचं जुनं लेखन त्याने बदललंच नाही.

साधारण चार महिन्यांत, 712 मध्ये, तीन भागांचा 'कोजिकी' दरबारात सादर झाला. पुढे 720 मध्ये आलेला 'निहोन शोकी' हा इतिहास मात्र मुख्यतः चिनी भाषेतच लिहिला गेला.

यासुमारोच्या पद्धतीचीही किंमत होतीच. काळ लोटला तसं 'कोजिकी' नीट वाचणं अवघड झालं. अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागा या अभ्यासकाने त्यावर 44 खंडांचं भाष्य लिहिलं, त्याला सुमारे 35 वर्षं लागली. लिहायला चार महिने, उलगडायला पस्तीस वर्षं!

प्रस्तावना खरी की नंतर कुणी जोडलेली, असाही वाद झाला. 1979 मध्ये नारा शहराजवळ चहाच्या मळ्यात यासुमारोची कबर सापडली. तांब्याच्या पट्टीवर त्याचं नाव, हुद्दा आणि 723 मधल्या मृत्यूची नोंद होती. वाद त्याने मिटला नाही, पण माणूस खरा होता हे पक्कं झालं.

आपणही मराठी मेसेज रोमन अक्षरांत टाइप करतोच की. समोरच्याला मराठी येतं, म्हणून तो वाचता येतो. तेव्हा आजीची एखादी गोष्ट लिहून ठेवणार असाल, तर तिच्याच शब्दांत लिहा. आणि अडेल अशा शब्दापाशी यासुमारोसारखी एक टीप नक्की टाका. भेटूया पुढच्या भागात!