औषधिनाम आणि औषध : मधुमेहावरील काही वनस्पतींचा नामविचार

वनस्पती आणि तिचे नाव यांचा संबंध भाषाशास्त्राच्या दृष्टीने केवळ रूढिसिद्ध होय. परंतु औषध घेणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने तोच संबंध जीवनमरणाचा ठरू शकतो. मधुमेहावर सुचविल्या जाणाऱ्या आयुर्वेदीय वनस्पतींच्या बाबतीत याचा प्रत्यय विशेषच येतो.

प्रथम रोगाच्या नावाचा विचार करणे इष्ट आहे. ‘प्रमेह’ हा शब्द ‘मिह्’, म्हणजे सिंचन करणे, मूत्रविसर्जन करणे, या धातूवरून ‘प्र’ उपसर्ग लागून सिद्ध झाला आहे. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून त्यांपैकी कफज दहा, पित्तज सहा व वातज चार आहेत. मधुमेह हा वातज चारांपैकी एक होय. हे वर्गीकरण मुख्यतः मूत्राच्या वर्ण, गंध, रस इत्यादी गुणांवर आधारलेले आहे. आधुनिक वैद्यक मात्र मधुमेहाचे निदान रक्तातील साखरेवरून करते. उपाशीपोटी ती एका डेसिलिटरमध्ये १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असल्याचे निश्चित झाल्यास मधुमेह मानला जातो. तेव्हा शब्द एकच असला, तरी त्याचा अर्थविस्तार एकच नाही. ग्रंथात ‘प्रमेहघ्न’ म्हणून वर्णिलेले द्रव्य आजच्या अर्थाने मधुमेहनाशक ठरतेच असे नाही. किंबहुना, प्राचीन परंपरेने कफज प्रमेह साध्य, पित्तज याप्य व वातज असाध्य मानले होते. परंपरेचा हा संयम आजच्या जाहिरातीत क्वचितच आढळतो.

वनस्पतींच्या नावांत हा घोटाळा अधिक गहन होतो. ‘मेषशृंगी’, म्हणजे मेंढ्याच्या शिंगासारखी, हे नाव शेंगेच्या आकारावरून पडलेले आहे. आजच्या आयुर्वेदीय व्यवहारात या नावाने बहुधा गुडमार (जिम्नेमा सिल्व्हेस्ट्रे) ही रुईच्या कुळातील वेल घेतली जाते. परंतु याच संस्कृत नावाशी जुळणारा ‘मेढशिंगी’ हा मराठी शब्द महाराष्ट्रातील डोंगरांत टेटूच्या कुळातील एका वृक्षास (डॉलिकँड्रोन फाल्काटा) लावतात. ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनी दोन शब्द जोडता आले, तरी त्यांनी निर्दिष्ट केलेल्या वनस्पती एक होत नाहीत. ग्रंथातील नाव वाचून रानातून पाला आणणाऱ्याच्या हाती कोणती वनस्पती पडेल, हे शब्दाच्या व्युत्पत्तीवरून ठरत नाही.

‘बिबळा’ आणि ‘बिबा’ यांचे उदाहरण याहूनही बोलके आहे. बिबळा, म्हणजे विजयसार (टेरोकार्पस मार्सुपियम). त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी पिण्याची रूढी आहे. बिबा (सेमेकार्पस अनाकार्डियम) हा परिटांना कपड्यांवर खुणा करण्यास उपयोगी पडणारा. तो अंगावर उतला म्हणजे फोड येतात. सामान्यरूपात ‘बिबळ्याचा’ व ‘बिब्याचा’ या दोन रूपांत अंतर एका अक्षराचे. परिणामात मात्र ते फार मोठे आहे.

नाव कधी गुणाचाही अतिरेक करते. गुडमाराचे पान चघळल्यावर काही काळ साखर गोड लागत नाही. पानातील द्रव्ये जिभेवरील गोडीची जाणीव रोखतात. ‘गूळ मारणारा’ हे नाव येथपर्यंत यथार्थ आहे. परंतु जिभेवरील गोडी मावळणे आणि रक्तातील साखर उतरणे या भिन्न घटना होत. गुडमार, मेथी व कारले यांनी साखर काही अंशी उतरते असे काही प्रयोगांत दिसले आहे. तथापि बहुतेक प्रयोग लहान असून त्यांवरून ही द्रव्ये औषधोपचाराची जागा घेऊ शकतात असे सिद्ध होत नाही.

येथेच धोक्याचे दुसरे अंग दिसते. वनौषधी निष्प्रभ असेल तर रुग्णाचा काळ वाया जातो. ती प्रभावी असेल, तर इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्यांच्या जोडीने साखर प्रमाणाबाहेर खाली जाऊन घाम, थरथर, संभ्रम व शेवटी बेशुद्धी ओढवू शकते. ज्याच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ निर्माणच होत नाही, अशा पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णाने पाल्याच्या भरवशावर इन्शुलिन थांबविल्यास थोड्याच दिवसांत प्राणावर बेतते. शुद्धतेचाही प्रश्न आहेच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते.

यावरून व्यवहाराचे काही नियम निष्पन्न होतात. वेष्टनावर केवळ लोकनाम नव्हे, तर शास्त्रीय नाव, वनस्पतीचे कोणते अंग वापरले ते व त्याचे प्रमाण पाहावे. चालू औषध स्वतःच्या मनाने कमी करू नये. वनौषधी घ्यावयाची असल्यास वैद्य व डॉक्टर या दोघांनाही एकमेकांच्या उपचारांची माहिती द्यावी आणि साखर अधिक वेळा तपासावी. गर्भवती स्त्रियांनी व मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर सल्ल्याविना काहीच घेऊ नये. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना भारतात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हेही ध्यानात ठेवणे योग्य.

नाव हे औषधाच्या ओळखीचा आरंभ आहे, प्रमाण नव्हे. कोशात एका शब्दापुढे दोन अर्थ सुखाने नांदतात. रुग्णाच्या पेल्यात मात्र त्यांपैकी एकच उतरतो, आणि तो कोणता हे तपासून घेणे हाच सुरक्षिततेचा पहिला नियम होय.