बसपेक्षा उतार लांब

लातूरहून बार्शीकडे निघालेली एसटी ढोकीच्या स्टँडवर थांबते, तेव्हा तिच्या आतली जमीन रस्त्यापासून साधारण 1.1 मीटर वर असते. व्हीलचेअरसाठी उताराचे मान्य प्रमाण आहे 1:12, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. या हिशेबाने इथे 13 मीटरचा उतार हवा. बसच मुळी जेमतेम 12 मीटरची! प्रमाणातला बाराचा आकडा हातांच्या ताकदीतून येतो. माणूस आणि खुर्ची मिळून 100 किलो धरले, तर या चढावर खांद्यांना सतत आठ किलोच्या वर जोर लावावा लागतो, घर्षण वेगळेच. उतार दुप्पट तीव्र केला की जोरही दुप्पट, शिवाय खुर्ची मागे कलंडायची भीती.

शहरांनी जमीन 40 सेंटिमीटरवर आणलेल्या बस घेतल्या. आमच्याकडचे गतिरोधक आणि खड्डे पाहता त्या पोटावर घासतील. मग फलाटच उंच का करू नये? कारण एसटी फलाटाला तोंड लावून उभी राहते, कूस लावून नाही. निदान एका गाडीपुरती आडवी जागा आखली, तर निम्मे काम होईल.

रेल्वेची गोष्ट याहून गमतीची. इथल्या जुन्या ‘बार्शी लाइट’ रेल्वेचे रूळ 762 मिलिमीटर अंतरावर होते. 2007-08 च्या सुमारास ब्रॉडगेज आले, गाड्या लांब पल्ल्याच्या झाल्या आणि डब्याची जमीन रुळांपासून सव्वा मीटरवर गेली. रेल्वेचा ‘उंच’ फलाटसुद्धा 76 ते 84 सेंटिमीटरचाच, म्हणजे वर चाळीसेक सेंटिमीटरची उडी उरतेच.

2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत; पायऱ्यांची अडचण त्यांतल्या काहींचीच. दृष्टिहीन प्रवाशाला गाडीची पाटी वाचता येत नाही, ‘कुठली गाडी?’ असे विचारत फिरावे लागते. त्यासाठी बनवलेल्या आयआयटी दिल्लीच्या ‘ऑनबोर्ड’ यंत्राची चाचणी मुंबईत बेस्टच्या गाड्यांवर झाली. हातातले बटण दाबले की रेडिओलहरींनी बसला निरोप जातो आणि हातातले यंत्र तिचा मार्गक्रमांक बोलते. दुसरे बटण दाबले की बसच्या दाराजवळून आवाज येतो, त्याच्या रोखाने चालायचे. चार इंजिने एकदम घरघरत असताना हे दुसरे बटण जास्त मोलाचे. ऐकू न येणाऱ्याला मात्र हा सगळा खटाटोप निरुपयोगी. फलाट ऐन वेळी बदलला, तर त्याला तो अक्षरांतच दिसला पाहिजे.