आकाशातल्या क्लोरीनची मोजदाद

आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, उस्मानपुऱ्यात १९९०च्या सुमारास फ्रिज दुरुस्त करणारा कारागीर आधी नळी कापून उरलासुरला गॅस हवेत सोडून द्यायचा. फुस्स आवाज झाला की संपलं! वास नाही, रंग नाही. तो आर-१२, म्हणजे एक क्लोरोफ्लुरोकार्बन. खालच्या हवेत तो कशाशी संयोग पावत नाही, पावसात धुऊन जात नाही; शंभरेक वर्षं टिकतो. हळूहळू वीस-पंचवीस किलोमीटर वर गेला की अतिनील किरण त्याला फोडतात आणि सुटलेला क्लोरीन ओझोन खाऊ लागतो.

१९८७च्या माँट्रियल कराराने अशा वायूंना आवर घातला. भारत १९९२ साली त्यात आला. ऑगस्ट २००८मध्ये आपल्याकडचं उत्पादन, दम्याच्या पंपांचा अपवाद सोडता, बंद झालं.

पण उपयोग झाला का? अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भोक एखाद्या वर्षी लहान दिसलं की आपण कराराला श्रेय देऊन मोकळे होतो. तिथला हिवाळा जरा उबदार गेला तरी भोक लहानच राहतं. म्हणून मोजायला हवा तो क्लोरीन.

'नासा'चा 'ऑरा' उपग्रह जुलै २००४मध्ये सुमारे सातशे किलोमीटर उंचीवर गेला. त्यावरचं एक यंत्र सरळ खाली न पाहता पृथ्वीच्या कडेच्या हवेतून आडवं पाहतं. प्रत्येक जातीचा रेणू ठरावीक लहरींवर क्षीण मायक्रोवेव्ह सोडतो. रेडिओच्या भाषेत, प्रत्येकाचं स्टेशन वेगळं. सूर्यप्रकाश लागत नाही, त्यामुळे ध्रुवावरच्या लांबलचक रात्रीतही हे ऐकू येतं.

अडचण अशी, की क्लोरीन रूपं बदलतो. सप्टेंबरात ओझोन खाताना तो क्लोरीन मोनॉक्साइड असतो. ओझोन जवळजवळ संपला की ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बहुतेक सगळा हायड्रोजन क्लोराइड होऊन बसतो. मोजायचा तेव्हाच! सोबत नायट्रस ऑक्साइडही मोजतात. वरची हवा किती जुनी, हे त्यावरून कळतं आणि दरवर्षी सारख्याच हवेची तुलना करता येते.

'नासा'च्या सुझन स्ट्रॅहन आणि अ‍ॅन डग्लस यांनी २०१८ साली हा हिशेब मांडला. क्लोरीन वर्षाला सुमारे ०.८ टक्क्यांनी घटत होता आणि २००५च्या तुलनेत २०१६च्या हिवाळ्यात ओझोनचा नाश सुमारे २० टक्क्यांनी कमी झाला होता.

अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८०च्या पातळीला यायला २०६६ उजाडेल, असा २०२२चा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. 'ऑरा'कडून अपेक्षा पाच-सहा वर्षांची होती, टिकला वीस वर्षं. पुढची चाळीस वर्षं मोजायला मात्र नवी यंत्रं पाठवावीच लागतील.