जुन्या पिकअपची चढी रेस

शिरूर व दौंड तालुक्यांत कांदा, भाजीपाला बाजारास नेण्यास जुन्या डिझेल पिकअप उपयोगी पडतात. पाय काढूनही रेस उतरत नसेल, तर डिझेल व्यर्थ जळते आणि गियरमधील भरलेली गाडी ब्रेकला न जुमानता पुढे रेटते.

थंड इंजिनाची रेस थोडा वेळ चढी असू शकते. म्हणून इंजिन तापल्यावरच पारख करावी. गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक लावून उभी करावी. इंजिन बंद करून ॲक्सिलरेटरची केबल पंपाच्या लिव्हरपासून सोडवावी. लिव्हर आपोआप मागे न आल्यास स्प्रिंग तपासावी. लिव्हर मागे आल्यावर इंजिन सुरू करावे. रेस उतरली, तर दोष केबलमध्ये किंवा पॅडलमध्ये समजावा. न उतरल्यास पंप जाणत्या मिस्त्रीस दाखवावा. कारण कळण्यापूर्वी स्क्रू फिरवू नये. त्याने दोष झाकतो, जात नाही.