जुना लॅपटॉप भंगारात काढण्याआधी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. संगणक त्यानंतरही सुरू होतो, फायली उघडतात. पण नव्याने सापडलेल्या त्रुटी बुजवणारे नेहमीचे अपडेट येत नाहीत. वैयक्तिक वापरासाठी कंपनीने नावनोंदणीवर वर्षभराची वाढीव मुदत देऊ केली, एवढाच दिलासा.

विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. शिवाय इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर अधिकृत यादीत नाहीत. त्यामुळे २०१६-१७चे कितीतरी धडधाकट लॅपटॉप बाहेर राहिले.

अशा यंत्रांसाठी लिनक्स मिंट हे विंडोजऐवजी वापरता येणारं सॉफ्टवेअर हा उत्तम पर्याय आहे. ते मोफत आहे, ४ जीबी रॅमवर नीट चालतं आणि फायरफॉक्स, लिब्रेऑफिस सोबतच येतात. पेनड्राइव्हवरून लाइव्ह सुरू केलं, तर हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासता येतं. मराठी टायपिंगचीही सोय आहे.

मर्यादाही आहेत: फोटोशॉपची लिनक्स आवृत्ती नाही. पण ब्राउझर, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल, तर नवा लॅपटॉप घेण्याची घाई नको. आधी फायलींचा बॅकअप घ्या आणि मिंट वापरून पाहा.