दोन वर्षांची लेक, सत्तरीची आजी आणि बँकॉकचा एक दिवस

परदेश प्रवास म्हटला की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास निघतात. पैसे कुठून आणायचे? आणि लहान लेकराला कुठे ठेवायचे? पहिल्याचे उत्तर भिशी आणि बोनसमध्ये सापडते. दुसऱ्याचे उत्तर असे की, लेकराला कुठेच ठेवायचे नाही, सोबत न्यायचे. मात्र दिवस त्याच्या तब्येतीने आखायचा.

थायलंडच्या सहलींना आता आपल्या वस्त्यांतूनही गट जातात. अशाच एका गटाबरोबर आम्ही उभयता, आमची दोन वर्षांची लेक आणि आई असे चौघे बँकॉकला गेलो होतो. आईचे सारे आयुष्य गिरणीत गेले. तिची एकच इच्छा होती, तिथल्या मोठ्या विहारात शांतपणे बसून वंदना म्हणायची.

गटाच्या कार्यक्रमात त्या दिवशी पाच ठिकाणे होती. पाच ठिकाणे म्हणजे पाच वेळा बसमध्ये चढणे आणि उतरणे, तेही बँकॉकच्या दमट उन्हात. आदल्या रात्री आम्ही हिशोब मांडला. आईचे गुडघे जिने चढू देत नाहीत. लेक घरी दुपारी बाराला झोपते. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे तिला झोप येणार दीडच्या सुमारास. राजवाडा सोडावा लागणार होता. आईला विचारले तर ती म्हणाली, "राजाचं घर नाही बघितलं तर माझं काय अडलंय? पण वंदना घाईत नको." गटप्रमुखांना सांगून आम्ही तो दिवस वेगळा काढला.

सकाळ विहारात

थाई भाषेत विहाराला 'वाट' म्हणतात. वाट पो या विहाराजवळ २०१९ पासून मेट्रोचे सनाम चाय हे स्थानक झाले आहे. उन्हाच्या आधी, सकाळीच आम्ही तिथे पोहोचलो.

इथली पहुडलेल्या बुद्धांची मूर्ती ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. चार मजली चाळ आडवी-उभी डोळ्यांसमोर आणली म्हणजे अंदाज येईल. तिसरे राम या राजाच्या काळात, १८३२ साली ती घडवली. आत विटांचे काम, वर गिलावा आणि त्यावर सोन्याचा मुलामा. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावाची १०८ शुभचिन्हे आहेत. भिंतीलगत १०८ काशाची भांडी ओळीने मांडलेली असतात. लोक प्रत्येकात एकेक नाणे टाकत जातात. तो किणकिणाट आमच्या लेकीला फार आवडला. नाणे तोंडात जाऊ नये म्हणून तिचा हात धरूनच आम्ही ती ओळ पुरी केली.

तिथे गर्दी होती, म्हणून आई मुख्य सभागृहात जाऊन बसली. पाय मूर्तीकडे करायचे नाहीत, मागे दुमडून घ्यायचे, ही तिथली रीत. आईने हात जोडले आणि त्याच क्षणी लेकीने बाहेर जाण्यासाठी भोकाड पसरले. आम्ही पाळी लावली. एकाने आईजवळ बसायचे, दुसऱ्याने लेकीला ओसरीत फिरवायचे. तिला दगडी पुतळे दाखवता दाखवता अर्धा तास गेला. आत आईने त्रिसरण, पंचशील सुरू केले तेव्हा शेजारची एक थाई आजीही हलक्या आवाजात तेच म्हणू लागली. उच्चार वेगळे, पण पाली तीच. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. उठताना दोघींनी हात जोडले, एवढेच.

याच विहारात तिसरे राम यांनी औषधे, अंगमर्दन, काव्य अशा अनेक विषयांची माहिती दगडांवर कोरून भिंतींत बसवली, कोणीही यावे आणि वाचावे म्हणून. युनेस्कोने २०११ मध्ये हे शिलालेख जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत घेतले. आईला शाळा मिळाली नव्हती. ती त्या दगडांपुढे बराच वेळ उभी राहिली.

दुपार नदीकाठी

जवळच्या था तियेन धक्क्यावरून चाओ फ्राया नदी ओलांडणारी होडी अगदी थोड्या पैशांत मिळते. पलीकडे वाट अरुण, म्हणजे अरुणाचे, पहाटेचे मंदिर. त्याच्या मनोऱ्यावर चिनीमातीच्या तुकड्यांची फुले जडवली आहेत. पायऱ्या फार उभ्या आहेत. आम्ही त्या खालूनच पाहिल्या. लेकीला 'जोक' भरवला. जोक म्हणजे तांदळाची घट्ट पेज. आपल्या मुलांना ती लगेच रुचते. तिखट नको असेल तर 'माय पेत' म्हणावे. दीडच्या ठोक्याला लेक आजीच्या मांडीवर झोपली. नदीकाठच्या सावलीत आम्हीही टेकलो. होड्या पाहत दोन तास कसे गेले ते कळले नाही.

संध्याकाळ बागेत

परतून त्याच मेट्रोने, गाडी न बदलता, लुंपिनी बागेत गेलो. आपल्या लुंबिनीचेच हे नाव. इथल्या तळ्याकाठी मोठमोठ्या घोरपडी मोकळ्या फिरतात. त्यांना खाऊ घालू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये. लेक गवतावर मनसोक्त धावली. सहा वाजता राष्ट्रगीत लागले आणि पळणारे, खेळणारे, सारे जागच्या जागी थांबले. आम्हीही उभे राहिलो. लेकही कडेवर गप्प राहून सगळ्यांकडे पाहत होती.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

लहान मुलालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. तो आधी काढावा. पदपथ उंचसखल आहेत, तेव्हा बाबागाडीपेक्षा जुने लुगडे किंवा ओढणी कामाला येते. उकळलेले किंवा बाटलीबंद पाणी आणि जलसंजीवनीची पाकिटे पिशवीत ठेवावीत. विहारात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, चपला काढाव्यात. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये. तिथे डोके पवित्र मानतात, म्हणून कौतुकानेही दुसऱ्याच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवू नये.

गटाने त्या दिवशी पाच ठिकाणे पाहिली, आम्ही तीन. रात्री खोलीवर आल्यावर आईने गुडघ्यांना तेल लावले आणि विचारले, "उद्या किती वाजता निघायचं?"