‘फुटणे’, ‘फोडणे’ आणि ‘फोडविणे’ : परीक्षेतील गोपनीयतेचा भंग व शिक्षकाचे उत्तरदायित्व

दर्यापूरची चहाची टपरी असो वा मुंबईचे वृत्तपत्र असो, प्रश्नपत्रिका वेळेपूर्वी बाहेर आली म्हणजे ‘पेपर फुटला’ असेच म्हटले जाते. मराठीत तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, फुटणे-फोडणे अशा धातूंच्या जोड्या आहेत. उकाराचा ओकार झाला की अकर्मक क्रियापद सकर्मक होते आणि वाक्यात कर्ता उभा राहतो. चोरी झाली तर आपण ‘घरफोडी’ म्हणतो. परीक्षेच्या बाबतीत मात्र ‘पेपरफुटी’ म्हणतो. हा शब्द ‘ढगफुटी’च्या पंक्तीत बसतो, जणू ती एक नैसर्गिक आपत्तीच होय! कायद्याचे कार्य याच्या नेमके उलट आहे. फुटण्यामागे फोडणारा कोण, हे त्यास ठरवावे लागते.

वऱ्हाडातीलच उदाहरण घेऊ. ३ मार्च २०२३ रोजी बारावीचा गणिताचा पेपर होता. अमरावती विभागीय मंडळाच्या कक्षेतील बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेड राजा तालुक्यात, परीक्षा सुरू होण्यापूर्वीच प्रश्नपत्रिकेची पाने समाजमाध्यमांवर पसरली. पुढे पोलिसांनी ज्यांना अटक केली त्यांत शिक्षकही होते. अटक म्हणजे अपराधसिद्धी नव्हे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि अशा प्रसंगी शिक्षकास कोणत्या परिणामांस सामोरे जावे लागते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिला परिणाम फौजदारी स्वरूपाचा होय. विद्यापीठ, मंडळ व इतर विनिर्दिष्ट परीक्षांतील गैरप्रकारांस आळा घालणारा महाराष्ट्राचा अधिनियम १९८२ सालचा आहे. त्यात कारावास व दंड या दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. केंद्राचा सार्वजनिक परीक्षाविषयक अधिनियम २१ जून २०२४ पासून अंमलात आला. तो संघ लोकसेवा आयोग, राष्ट्रीय परीक्षा संस्था इत्यादींच्या परीक्षांपुरता आहे. दहावी-बारावीच्या मंडळ परीक्षा त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यात ३ ते ५ वर्षांचा कारावास व १० लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

दुसरा परिणाम सेवाविषयक. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांस १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम व १९८१ चे नियम लागू आहेत. गैरवर्तन सिद्ध झाल्यास ताकीद देण्यापासून वेतनवाढ रोखणे, पदावनती व सेवासमाप्ती इथपर्यंत शिक्षा होऊ शकते. परंतु गंभीर शिक्षेपूर्वी त्रिसदस्य समितीने चौकशी करावी लागते, आणि त्यातील एक सदस्य कर्मचारी स्वतः सुचवितो. निर्णयाविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. न्यायालयातील खटला व शाळेतील चौकशी या दोन भिन्न गोष्टी होत.

तिसरा परिणाम अपराध्यापुरता मर्यादित राहत नाही. परीक्षाकेंद्राची मान्यता गेली तर पुढच्या वर्षीच्या मुलांना दूरच्या गावी जावे लागते. आणि ज्याने प्रामाणिकपणे अभ्यास केला त्याच्याही गुणांकडे संशयाने पाहिले जाते.

आता जोडीतील तिसरे रूप पाहू : ‘फोडविणे’. हे प्रयोजक रूप होय. यात करणारा एक व करवून घेणारा दुसरा असतो. अमेरिकेतील अटलांटा शहराच्या शाळांत २००९ च्या प्रमाणित चाचणीतील चुकीची उत्तरे खोडून बरोबर उत्तरे भरण्यात आली होती. २०११ च्या शासकीय चौकशीत १७८ शिक्षक व मुख्याध्यापक इत्यादींवर ठपका आला आणि २०१५ मध्ये अकरा जणांस संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली दोषी ठरविण्यात आले. वरिष्ठांनी ठरविलेल्या गुणांच्या लक्ष्याचे दडपण त्यामागे होते, असे त्या चौकशीत आढळले. आपल्या २०२४ च्या अधिनियमातही संघटित गुन्ह्यास ५ ते १० वर्षे कारावास व किमान १ कोटी रुपये दंड अशी वेगळी तरतूद आहे.

सारांश, चौकशी पूर्ण होईपर्यंत ‘पेपर फुटला’ हे अकर्मक वाक्यच न्याय्य होय. पुराव्यावाचून कर्ता नेमणे हाही अन्यायच. परंतु चौकशीनंतरच्या अहवालातही तेच वाक्य राहिले, किंवा त्यात फोडणारा आला आणि फोडविणारा गळाला, तर ती चौकशी अपुरीच म्हणावी लागेल.